ट्रंपेटचा जोड सुटला : डाग देण्याआधी आणि देताना

प्रश्न गोव्यातल्या वाळपईच्या एका बँडवाल्याचा आहे. काकांकडून आलेला जुना बी-फ्लॅट ट्रंपेट. माउथपीस बसतो तिथला जोड हलतो, भोंगा खाली केला की मेन ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, घसरून बाहेर येते आणि मधला ‘सोल’ (दो-रे-मी-फा-सोल मधला सूर) फुसका लागतो. कोणीतरी जोडावर एम-सील थापून दिले होते, ते महिनाभर टिकले. शिगमो तोंडावर आहे, सुपाऱ्या घेऊन झाल्या आहेत. आता डिचोलीच्या पितळकाम करणाऱ्या कासाराकडून डाग, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, देऊन घ्यावा की घरीच सोल्डर करावे, असे विचारले आहे.

आज तरी दोन्ही नको. आधी जोड का सुटला ते शोधा. माझ्या टेबलावर येणाऱ्या ट्रंपेटांपैकी बरेचसे दुसऱ्यांदा आलेले असतात. पहिल्यांदा कोणीतरी व्यवस्थित डाग दिलेला असतो, पण जोड सुटण्याचे कारण तसेच राहिलेले असते.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींना मी तीन वेगळ्या तक्रारी मानतो. हलणारा जोड सोल्डरचा आहे. घसरणारी स्लाइड सोल्डरची नाही, ती दोन नळ्यांच्या मापाची आणि ग्रीसची गोष्ट आहे. फुसका सोल या दोघांपैकी एकामुळे येत असेल, किंवा दोन्हींशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच जागेमुळे, आणि ती जागा पुष्कळदा पाणी सोडायच्या कळीचे बूच असते. तिथून सुरुवात करा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. वाजवताना ती कळ अंगठ्याने जोरात दाबून धरा. सोल स्वच्छ झाला तर बूच झिजले आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. नवे बूच बसवा, काम संपले. एवढ्या बुचासाठी सगळा ट्रंपेट खोलून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

बूच ठीक असेल तर गळती तुकड्यातुकड्याने शोधायची. बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरते, एवढ्या लांबीत एकदम काही सापडत नाही. मेन ट्यूनिंग स्लाइड काढा, लीडपाइपचे (माउथपीसपासून स्लाइडपर्यंत जाणाऱ्या सरळ नळीचे) उघडे टोक अंगठ्याने घट्ट बंद करा आणि माउथपीसमधून गालांच्या जोराने फुंका. हवा कुठूनही निसटता कामा नये. जोडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावून ठेवले तर बारीक बुडबुडे जागा दाखवतात. मग ट्यूनिंग स्लाइड एकटी घ्या, एक पाय बंद करून दुसऱ्यातून फुंका. यात वळण आणि पाण्याची कळ दोन्ही तपासून होतात. भोंग्याच्या बाजूसाठी रबरी चेंडू ओल्या कापडात गुंडाळून भोंग्याच्या घशात बसवा आणि स्लाइड बसते त्या खालच्या नळीतून फुंका. व्हॉल्व्हसाठी वेगळी तपासणी आहे : कळ न दाबता त्या व्हॉल्व्हची स्लाइड थोडी बाहेर ओढा, पाच-सहा सेकंद थांबा, मग कळ दाबा. ‘टप्प’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह आणि स्लाइड दोन्ही हवा धरतात. काही नव्या ट्रंपेटांत व्हॉल्व्हच्या नळीला मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते, त्यांना ही कसोटी लागू नाही.

माउथपीसजवळच्या गळतीला मी सगळ्यांत आधी का हात घालतो, तेही सांगतो. वाजताना नळीत हवेची जी कंपने उभी राहतात, त्यांत दाबाची उलथापालथ ओठांकडच्या टोकाला सर्वांत जास्त असते, आणि भोंग्याच्या तोंडाशी ती जवळपास उरत नाही. त्यामुळे माउथपीसपाशी केसाएवढी फट पडली तरी सगळ्या सुरांवर परिणाम होतो. मधल्या कुठल्या जोडात तेवढीच फट असेल तर ज्या सुराचा दाब नेमका तिथे चढतो, तोच बिघडतो. तुमचा एकटा सोल फुसका येतो यावरून गळती मधल्या भागातही असेल अशी शंका मला आहे. म्हणून माउथपीसकडचा जोड हलतो हे माहीत असूनही बाकीचे तपासून घ्या.

भोंग्याला आधार देणारा टेका सुटला तर गळती होत नाही, फक्त खरखर येते. ती शोधायला दुसरा माणूस लागतो. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने एकेका टेक्याला बोट लावायचे. बोट लागल्यावर खरखर थांबली की तोच टेका.

आता कारण. माउथपीसकडचा जोड सुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अडकलेला माउथपीस. तो निघेना म्हणून कोणीतरी पक्कड लावतो, एका हाताने भोंगा धरतो आणि पिळतो. माउथपीस निघतो, पण जाताना रिसीव्हर म्हणजे माउथपीस बसतो ती जाड बाहेरची नळी फिरते, लीडपाइपला पीळ बसतो आणि लीडपाइप ते भोंगा हा टेका सुटतो. अडकलेला माउथपीस ओढून काढायचे साधन मिळते. ते माउथपीसला सरळ मागे ओढते, पिळत नाही. कुठल्याही बँडमध्ये एक असावे. दुसरे कारण म्हणजे स्कूटरच्या पुढच्या हुकाला कापडी पिशवीत लटकवलेला ट्रंपेट. आपल्याकडच्या रस्त्यांवर तो गुडघ्याला आणि हँडलला आपटत जातो.

तिसरे कारण जास्त छुपे आहे, आणि जुन्या वाद्यात ते आधी पाहावे. लीडपाइपवर गुलाबी किंवा लाल ठिपके दिसतात का? मध्ये काळा बिंदू आणि भोवती गुलाबी कडा असे ते दिसतात. याला लाल कुज म्हणतात. ट्रंपेटचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. थुंकीतले आम्ल आणि क्षार पितळातले जस्त आतून खात जातात आणि सच्छिद्र तांबे मागे उरते. तुम्हाला बाहेर ठिपका दिसेपर्यंत आतली भिंत संपत आलेली असते. गोव्यात समुद्राची खारी हवा आहे, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर पेटीतले मखमली अस्तर कोरडे होतच नाही. त्यात फेस्ताला (चर्चच्या सणाला) आणि लग्नात वादकांना दर तासाला गोड थंड पेय मिळते आणि तेच तोंड माउथपीसला लागते. अशा नळीवर ज्योत मारली की गुलाबी ठिपक्यांची भोके होतात. तिथे डाग देण्यात अर्थ नाही, लीडपाइप बदलावा लागतो. तेवढ्या जागेवर पातळ पितळेचा तुकडा चढवून वेळ मारून नेता येते, पण ती वेळ मारून नेणेच.

काकांचा ट्रंपेट आहे म्हणून हे जरा लांबवले. आपल्याकडे अशी वाद्ये पुष्कळ घरांत आहेत. पॅरिश शाळांत, म्हणजे चर्चच्या शाळांत, मुले सोल्फेज (दो-रे-मी म्हणत सूर वाचणे) शिकायची. गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गेले, आणि फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही ट्रंपेटची नावे त्यांतलीच. गावात मागे राहिलेली वाद्ये वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिली. काढली की पहिली गोष्ट म्हणजे कोणीतरी पितांबरी नाहीतर चिंच लावून घासतो. समईसाठी ते योग्यच आहे. ट्रंपेटचे लॅकर, म्हणजे पितळावरचा चकचकीत संरक्षक थर, त्याने निघते, आणि ती पूड व्हॉल्व्हमध्ये गेली तर पिस्टन आणि त्याचे घर दोन्ही झिजतात. मग तिथून जी हवा निसटते, ती कुठल्याच सोल्डरने थांबत नाही.

कासाराचे उत्तर असे. डिचोलीचे कासार समईचे काम उत्तम करतात, पण त्यांचा मजबूत जोड झाळकामाचा असतो : टाकणखार लावून, पितळ लाल करून, ६०० अंशांच्या वर. ट्रंपेट बहुतेक ठिकाणी कथील-शिशाच्या मऊ सोल्डरने जोडलेला असतो. ६०-४० चे सोल्डर १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पुरते वितळते. एक जोड झाळायला गेलात तर शेजारचे चार सुटतील. वर ताठ ठेवलेले पितळ त्या उष्णतेने मऊ पडेल, आणि लीडपाइप हाताच्या जोराने वाकू लागेल. कासार मऊ डाग देणारा असेल, नवसागर आणि कथलाचे काम करणारा असेल, तर मात्र त्याच्या हाताला घरच्या नवशिक्यापेक्षा जास्त समज असते. त्याला स्पष्ट सांगा की झाळू नको, डाग दे, आणि व्हॉल्व्ह काढूनच वाद्य त्याच्या हातात द्या.

घरी करायचेच असेल तर एखाद्या टेक्यापासून सुरुवात करा. माउथपीसकडचा जोड पहिल्या हाताचा नव्हे.

आधी एम-सील पूर्ण काढा. उकळत्या पाण्यात बुडवलेली चिंधी त्यावर धरली की ते मऊ पडते, मग लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडता येते. लोखंडी चाकू लावू नका. ज्योतीने जाळून काढायचा मोह होतो, पण तो धूर वाईट असतो आणि काळा थर पितळात बसतो. एम-सीलचा अंश जरी राहिला तरी सोल्डर तिथे धरत नाही. तशी ती चीज वाईट नाही, पाण्याच्या टाकीला उपयोगी आहे. ट्रंपेटची पातळ नळी वाजताना थरथरते, गरम होते, थंड होते, आणि कडक गोळा कडेने सुटतो.

व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, फेल्ट, बुचे सगळे बाहेर काढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने आतून-बाहेरून धुवा, कारण ग्रीसवर काहीच धरत नाही. जोड सोडवण्याआधी रिसीव्हर लीडपाइपवर नेमका कुठे बसतो तिथे मार्कर पेनने रेघ मारा. रिसीव्हरच्या आत माउथपीसचे टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांत थोडी फट असते आणि वादकाला लागणारा अडसर तिच्यावर ठरतो. रिसीव्हर दोन मिलिमीटर आत बसला तर वाद्य वाजेल, पण ते तुमच्या ओळखीचे राहणार नाही.

मग पाहा की भाग न जोडता आपोआप जागेवर बसतात का. हातातून सोडले की लीडपाइप सरळ टेक्यावर येऊन थांबला पाहिजे. दाबून, ओढून आणावा लागत असेल तर आधी वाक काढा. हाच मुद्दा लोक सोडून देतात. मऊ सोल्डर सतत ताणाखाली असले की हळूहळू सरकत राहते. आज चकचकीत दिसणारा डाग गणेश चवथीपर्यंत आपोआप उघडतो आणि दोष डाग देणाऱ्यावर येतो.

जुने सोल्डर गरम करून सुती चिंधीने पुसून काढा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी करून दोन्ही पृष्ठे फिरवून घासा. बाहेरून चकाकी आली तरी जोडाच्या आत हिरवे राहिले असेल तर काम वाया जाते. नळी नळीत सैल हलू नये, पण जोर लावून ठोकावीही लागू नये. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असावी. तेवढ्या फटीत वितळलेले सोल्डर स्वतःहून ओढले जाते. फट मोठी असेल तर सोल्डर कितीही ओता, आत पोकळी राहते, आणि ते लोंबलेले थेंब पाहून लोकांना वाटते डाग भक्कम आहे. चांगल्या डागाला बाहेर फक्त केसाएवढी रुपेरी रेघ दिसते.

फ्लक्स, म्हणजे सोल्डर पितळाला धरावे म्हणून आधी लावायचे रसायन, तयार विकत घ्या, झिंक क्लोराइडचे. मिठाच्या आम्लात जस्त टाकून घरी करण्याच्या भानगडीत पडू नका, त्यातून पेट घेणारा वायू निघतो. पातळ थर दोन्हीकडे लावा, भाग काळ्या तारेने हलकेच बांधा. शेजारच्या जोडांना ओल्या चिंध्या गुंडाळा. ट्रंपेटमध्ये एक जोड दुसऱ्यापासून दोन-तीन बोटांवर असतो, हे विसरले की एकाच्या नादात दुसरा गळतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न इथे निरुपयोगी आहे. पितळ त्याची उष्णता क्षणात पसरवून टाकते, सोल्डर वर गोळा होऊन बसते आणि आत काहीच जात नाही. लहान गॅस टॉर्च घ्या, ज्योत मऊ ठेवा आणि सतत फिरवा. जाड भागाला जास्त, पातळ नळीला कमी. फ्लक्स आधी उकळून फसफसतो, मग शांत होतो. तो शांत झाला की ज्योत बाजूला करा आणि ज्योतीच्या विरुद्ध बाजूला सोल्डरची तार टेकवा. पितळाच्या उष्णतेने तार वितळली पाहिजे, ज्योतीने नव्हे. बरोबर तापले असेल तर तार टेकताच सोल्डर पाण्यासारखे फटीत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बारीक रेघ उगवते. ती रेघ दिसली की थांबा. ट्रंपेटच्या जोडाला तारेचे काही मिलिमीटर पुरतात. सोल्डर गोळ्या होऊन घरंगळत असेल तर पितळ मळके आहे किंवा थंड आहे. फ्लक्स काळा पडला तर जास्त तापले. तेव्हा तसेच रेटू नका, थंड करून पुन्हा घासा.

वितळलेले असतानाच जादा सोल्डर कोरड्या सुती कापडाने एका झटक्यात पुसा आणि मग हात लावू नका. सोल्डरची चकाकी एकदम मंद होते, तेव्हा ते घट्ट झाले. त्याआधी जोड हलला तर आत दाणेदार डाग बसतो, तो आठवड्यात फुटतो. लवकर व्हावे म्हणून पाणी ओतू नका.

शिशाबद्दल एक सांगून ठेवतो. माउथपीसच्या जवळ आणि मुलांच्या वाद्यात मी शिसेविरहित कथील-चांदीचे सोल्डर वापरतो. ते २२१ अंशांना वितळते, थोडी जास्त उष्णता लागते, पण जोडही जास्त ताठ असतो. कुठलेही वापरा, काम उघड्या हवेत करा, जेवणाआधी हात धुवा. लॅकर असलेल्या वाद्यावर जोडाभोवतीचे लॅकर करपणारच. त्याचा इलाज नाही, ते आधीच मालकाला सांगावे.

थंड झाल्यावर धुणे हा कामाचाच भाग आहे. झिंक क्लोराइड राहिले तर आपल्या दमट हवेत काही दिवसांत जोडाभोवती हिरवे येते आणि आतून खात जाते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतून ब्रश फिरवा, मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. त्यानंतर वर सांगितलेली फुंकायची कसोटी पुन्हा करा.

स्लाइडचे काम तुलनेने सोपे. तुम्ही काय लावता ते तुम्ही लिहिले नाही, पण आपल्याकडे बहुतेक घरांत खोबरेल तेल लावतात. खोबरेल २५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे गोव्यात ते जवळपास बारा महिने पाणीच. ते स्लाइडला धरून ठेवत नाही आणि जुने झाले की चिकट होऊन अडकते. जुने सगळे पुसून काढा आणि जाड स्लाइड ग्रीस किंवा निव्वळ लॅनोलिन लावा. नुसत्या झिजेने सैल झालेली स्लाइड एवढ्याने जागेवर राहते आणि फटीतून हवाही जात नाही. तरीही घसरली तर आतल्या नळीचा व्यास आतून रोलर फिरवून वाढवावा लागतो, ते दुकानातले काम आहे. बाहेरची नळी पक्कडीने दाबू नका, ती अंडाकृती होते आणि मग कायमची एका बाजूने गळते. नळाची टेफ्लॉन टेपही स्लाइडवर नको, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जातात.

राहिला शिगमो. दुरुस्ती तोपर्यंत होणार नसेल तर हलणाऱ्या जोडावर मधमाशीचे मेण बोटाने मळून दाबा आणि वरून इलेक्ट्रिकची टेप ताणून गुंडाळा. सुईच्या टोकाएवढे भोक असेल तर नेलपॉलिशचे दोन थर पुरतात. पाण्याच्या कळीची स्प्रिंग गेली असेल तर रबर बँड. मिरवणुकीत माउथपीस बसवताना फिरवून दाबू नका, सरळ ठेवा आणि अगदी हलका, थोडासा वळसा द्या, बस. परत आल्यावर टेप त्याच रात्री काढा, कारण उन्हात तापलेला तिचा गोंद दुसऱ्या दिवशी पितळाला चिकटून बसतो, आणि तो निघाला नाही तर थोडे रॉकेल कापडाला लावून पुसा.